न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता, तिच्या चौथऱ्यांतील कविता व परकीयांच्या प्रवेशाचे कायदे

१

एखाद्या जुन्या देवळाच्या भिंतींत शिलालेख सांपडला म्हणजे संशोधक दोन प्रश्न प्रथम विचारतो. लेख मूळ बांधकामाच्या वेळचा आहे कीं मागाहून बसविलेला. आणि मागाहूनचा असल्यास तो कोणीं, केव्हां व कशासाठीं बसविला. पुष्कळदां देऊळ एका शतकाचें, लेख दुसऱ्या शतकाचा आणि पुजाऱ्याच्या तोंडची कथा तिसऱ्याच शतकाची निघते. या तिहींची गल्लत झाली कीं दंतकथा इतिहास म्हणून चालूं लागते. या त्रैमासिकाच्या वाचकांस हा नियम नवा नाहीं. तोच एका परदेशीय स्मारकास लावून पाहिला असतां काय निष्पन्न होतें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. येथें स्मारक म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरांतील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. लेख म्हणजे त्याच्या चौथऱ्यांत लाविलेली एमा लॅझरस या कवयित्रीची कविता. आणि कथा ही कीं, जगांतील दीनदुबळ्यांस अमेरिकेंत बोलावण्यासाठींच हा पुतळा उभारला गेला.

या कथेवरून अलीकडे जो वाद झाला तो असा. २०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत, परकीयांचा प्रवेश कमी करणाऱ्या एका विधेयकाविषयीं बोलत असतां अध्यक्षांचे सल्लागार स्टीफन मिलर यांना एका वार्ताहरानें या कवितेचें स्मरण दिलें. मिलर यांनीं उत्तर केलें कीं, ती कविता मागाहून जोडलेली आहे. मूळ पुतळ्याचा ती भाग नव्हे. पुढें २०१९ सालीं, सरकारी मदतीवर अवलंबून राहण्याचा संभव असलेल्यांस कायमच्या वास्तव्याचा परवाना नाकारण्याचा एक व्यापक नियम निघाला. तेव्हां त्या खात्याचे तत्कालीन प्रमुख केन कुचिनेली यांनीं कवितेच्या प्रसिद्ध ओळीस, येणारा स्वतःच्या पायांवर उभा राहणारा असावा, अशी पुस्ती जोडून ती म्हणून दाखविली. कविता युरोपांतून येणाऱ्यांस अनुलक्षून होती, आणि अशाच प्रकारच्या पहिल्या कायद्यानंतर एका वर्षानें ती लिहिली गेली, असेंही ते म्हणाले. विरुद्ध पक्षानें उलट असें प्रतिपादिलें कीं, या कवितेंतच राष्ट्राची मूळ प्रतिज्ञा आहे आणि असा नियम करणें म्हणजे त्या प्रतिज्ञेचा भंग होय. तो नियम २०२१ सालीं मागें घेण्यांत आला; पण कवितेच्या अधिकाराविषयींचा मूळ प्रश्न तसाच राहिला.

आमच्या मतें दोन्ही पक्षांच्या हातीं पुराव्याचा अर्धा अर्धा तुकडा आहे. पुतळ्यानें किंवा कवितेनें प्रवेशाचे कायदे घडविले नाहींत. त्यांनीं त्या कायद्यांविषयीं बोलण्याची भाषा पुरविली, आणि ती भाषा दार उघडूं पाहणाऱ्यास जशी उपयोगी पडली तशीच दार लावणाऱ्यासही पडली. शिवाय ही कविता कीर्तीस चढली ती दार उघडें असतांना नव्हे, दार लागल्यानंतर. हें आतां कालक्रमानें पाहूं.

२

प्रथम पुतळा. त्याची कल्पना फ्रेंच कायदेपंडित एदुआर द लाबुले याची. हा गुलामगिरीचा कट्टा विरोधक होता. अमेरिकेंतील यादवी युद्ध संपून गुलामगिरी नष्ट झाली, या गोष्टीचें त्यास मोठें अगत्य होतें. मूर्तिकार बार्थोल्दी यानें पूर्वी १८६९च्या सुमारास सुवेझच्या कालव्याच्या तोंडाशीं मशाल धरलेल्या एका मिसरी शेतकरी स्त्रीच्या प्रचंड मूर्तीची योजना मिसरच्या खेदिवापुढें मांडली होती. ती फसली, हातांत दीप घेतलेल्या प्रचंड स्त्रीमूर्तीची कल्पना मात्र त्याच्या डोक्यांत राहिली. न्यूयॉर्कच्या मूर्तीच्या डाव्या हातांतील पाटीवर ४ जुलै १७७६ ही अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेची तारीख रोमन अंकांत कोरलेली आहे, आणि पायांशीं तुटलेली शृंखला आहे. तिचें अधिकृत नांव ‘जगास प्रकाश देणारी स्वातंत्र्यदेवता’ या अर्थाचें आहे.

यांत परदेशांतून येणाऱ्या माणसाचा कोठेंही संबंध नाहीं. अर्थ इतकाच कीं, अमेरिकेंत पेटलेली ज्योत समुद्रापलीकडील राष्ट्रांस, विशेषतः तिसऱ्या नेपोलियनच्या एकतंत्री अमलाखालीं असलेल्या फ्रान्सास, वाट दाखवील. प्रकाशाची दिशा आंतून बाहेर अशी आहे. २८ ऑक्टोबर १८८६ रोजीं अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनीं पुतळ्याचा स्वीकार केला, तेव्हांही त्यांच्या भाषणाचा रोख हाच होता कीं, येथील प्रकाश जगांतील अज्ञान व जुलूम यांचा अंधार भेदीत जावो. जगांतील लोकांनीं त्या प्रकाशाकडे चालत यावें, असें त्यांनीं त्या भाषणांत म्हटलें नाहीं. एवढ्यापुरता मिलर यांचा मुद्दा बरोबर आहे.

३

आतां कविता. पुतळा फ्रेंच लोकांच्या वर्गणीचा, पण चौथरा अमेरिकनांनीं बांधावयाचा होता, आणि त्यासाठीं पैसा जमत नव्हता. १८८३च्या डिसेंबरांत चौथऱ्याच्या फंडासाठीं न्यूयॉर्क येथें कलावस्तूंचें एक प्रदर्शन भरलें. तेथें ठेवण्याकरितां लेखकांकडून हस्तलिखितें मागविण्यांत आलीं. एमा लॅझरस हिनें मागणीबरहुकूम लिहिण्यास प्रथम नकार दिला. नंतर मन वळून तिनें नोव्हेंबरांत चौदा ओळींचें एक सुनीत लिहून दिलें. त्याचें नांव ‘नवा कलोसस’. आपल्या भाषेंतही सुनीताचा आरंभ स्मारकांवरील कवितेनेंच झाला. केशवसुतांचें ‘मयूरासन आणि ताजमहाल’ १८९२चें, म्हणजे लॅझरसच्या सुनीतानंतर नऊ वर्षांचें आहे.

कवयित्रीचा पूर्ववृत्तान्त ध्यानांत घेतल्यावांचून तिच्या कवितेचा अर्थ लागत नाहीं. १८४९ सालीं न्यूयॉर्कमध्यें जन्मलेली ही बाई सुखवस्तु ज्यू घराण्यांतील. तें घराणें अमेरिकेंत पिढ्यान्पिढ्या स्थाईक झालेलें होतें. १८८१ पासून रशियाच्या राज्यांत ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले व निराश्रितांच्या टोळ्या न्यूयॉर्कला येऊन उतरूं लागल्या. वॉर्ड्‌स बेटावर ठेविलेल्या या लोकांची दैना तिनें प्रत्यक्ष पाहिली, त्यांच्यासाठीं खटपट केली आणि वृत्तपत्रांतून लेखमाला लिहिली. म्हणून चौथऱ्यासाठीं लिहितांना तिच्या डोळ्यांपुढें फ्रान्स व अमेरिका यांची मैत्री नव्हती; बंदरांत ताटकळणारी माणसें होतीं.

कवितेची रचना साधी आहे. पहिल्या आठ ओळींत ऱ्होड्‌स बेटावरील प्राचीन सूर्यमूर्तीशीं विरोध दाखविला आहे. ती मूर्ति शत्रूचा वेढा उठल्याच्या विजयाची, पुरुषाची, धातूच्या दर्पाची, ही स्त्रीची. तिला कवयित्री देशोधडीस लागलेल्यांची आई म्हणते. उरलेल्या सहा ओळींत मूर्ति स्वतः बोलते. जुन्या राष्ट्रांनीं आपलें वैभव आपल्यापाशीं ठेवावें, मात्र थकलेले, दरिद्री व निराश्रित असे लोक माझ्याकडे पाठवावेत, असा तिच्या बोलण्याचा भावार्थ आहे. मूर्तिकाराची मशाल जगाकडे प्रकाश फेंकीत होती. कवयित्रीनें तीच मशाल दारांतला दिवा केली. वस्तु तीच राहून तिच्या प्रकाशाची दिशा उलटली. त्या वेळीं इंग्लंडांत अमेरिकेचा वकील असलेला कवि जेम्स रसेल लोवेल यानें कवयित्रीस पत्र लिहून कळविलें कीं, आपणांस पुतळ्यापेक्षां हें सुनीत अधिक आवडलें, कारण पुतळ्यास अस्तित्वाचें प्रयोजन या सुनीतानें दिलें. या पत्राचें मोल मोठें आहे. कारण पुतळ्याचा अर्थ बदलला हें समकालीन मर्मज्ञानें त्याच वेळीं ओळखिल्याचा तो पुरावा आहे.

तथापि कवितेंत एक दोष आहे व तो पुढील इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. येणारी माणसें तिच्यांत केवळ दयेचा विषय होतात. समुद्रानें किनाऱ्यावर टाकून दिलेल्या निरुपयोगी वस्तूसारखें त्यांचें वर्णन आहे. त्यांच्या हातांत कसब आहे, डोक्यांत विद्या आहे, तीं येऊन या देशाचे लोहमार्ग, गिरण्या व शहरें उभारतील, याची खूण तिच्यांत सांपडत नाहीं. देणारी एकटी देवता. येणारे केवळ घेणारे. कळवळा खरा आहे, पण तो वरून खालीं पाहणाऱ्याचा आहे. हें चित्र एकदां मान्य केलें कीं विरुद्ध पक्षास उत्तर सोपें होतें: टाकाऊ म्हणून दुसऱ्यांनीं फेंकलेलें आम्हीं कां घ्यावें? तें उत्तर लवकरच आलें.

कवितेवरून कवयित्रीचें राजकीय मत काढणें हेंही घाईचें आहे. ज्या काळांत तिनें हें सुनीत लिहिलें त्याच काळांतील आपल्या लेखांत ती पूर्व युरोपांतील ज्यूंसाठीं पॅलेस्टाइनांत वसतिस्थान असावें असा आग्रह धरीत होती. म्हणजे जगांतील सर्व निराश्रितांनीं अमेरिकेंतच यावें, असा जो पक्ष तिच्या नांवावर चालविला जातो, तो तिच्या गद्यांत त्या स्वरूपांत सांपडत नाहीं. काव्य हें भावनेचा अस्सल कागद आहे, धोरणाचा नव्हे.

४

हें सुनीत १८८३चें. त्या वर्षींच्या जूनमध्यें आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठीं न्यूयॉर्कला उतरल्या. बंदरांत तेव्हां पुतळा नव्हता आणि हिंदुस्थानच्या मनुष्यास अडविणारा कायदाही नव्हता. पण दुसऱ्या एका आशियाई लोकांस अडविणारा कायदा होऊन वर्ष लोटलें होतें. १८८२च्या मे महिन्यांतील कायद्यानें चिनी मजुरांस दहा वर्षें प्रवेशबंदी केली व चिनी लोकांस नागरिकत्व देण्याची न्यायालयांस मनाई केली. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत सर्वसाधारण प्रवेशाचा पहिला संयुक्त कायदा झाला. त्यानें दर आगंतुकामागें अर्धा डॉलर कर बसविला, आणि गुन्हेगार, वेडे व स्वतःचा निर्वाह करूं न शकणारे यांस परत पाठविण्याचें ठरविलें. कुचिनेली यांनीं ज्याचा हवाला दिला तो हाच कायदा. तारखा त्यांच्या म्हणण्याशीं जुळतात. परंतु समकालीनत्व म्हणजे एकवाक्यता नव्हे. वाद आणि प्रतिवाद हेही समकालीनच असतात. निर्वाहास असमर्थ असलेल्यांस परत लावणारा कायदा झाल्यावर वर्षभरांत त्याच माणसांस नांव घेऊन बोलावणारी कविता लिहिली जाते, तेव्हां कवितेस कायद्याचें भाष्य मानण्यापेक्षां त्याचें उत्तर मानणें अधिक सयुक्तिक नव्हे काय?

चौथऱ्याचा पैसा अखेर १८८५ सालीं जोसेफ पुलित्झर यानें आपल्या वृत्तपत्रांतून जमविला. पांच महिन्यांत १ लक्षाहून अधिक डॉलर जमले; वर्गणीदार १ लक्ष २० हजारांवर होते आणि बहुतेकांनीं एक डॉलराहून कमी रक्कम दिली होती. पुलित्झर हा स्वतः हंगेरींतून आलेला होता. ही वर्गणी चिनी लोकांकडेही मागण्यांत आली. त्यावर सॉम साँग बो नांवाच्या एका चिनी गृहस्थानें १८८५ सालीं जें पत्र प्रसिद्ध केलें, तें या साऱ्या प्रकरणांतील सर्वांत बोलका अस्सल कागद होय. त्याचा आशय असा: ज्या देशांत आमच्या लोकांस येण्याचें व नागरिक होण्याचें स्वातंत्र्य नाहीं, त्या देशाच्या स्वातंत्र्यमूर्तीसाठीं आमच्याकडे पैसे मागणें हा आमचा अपमान आहे. शेवटीं त्यानें म्हटलें कीं, या देशाच्या स्वातंत्र्याची व थोरवीची साक्ष पुढील युगांस देण्यासाठीं हा पुतळा अधिक काळ टिकतो कीं चिनी लोकांविरुद्धचा हा कायदा, तें भावी पिढ्यांनाच कळेल.

कायदा हेंही एक स्मारकच आहे, ही गोष्ट या पत्रलेखकानें जितकी स्वच्छ ओळखिली तितकी पुतळ्याच्या वक्त्यांनीं ओळखिली नाहीं. चिनी लोकांविरुद्धचा तो कायदा वाढत वाढत १९०२ सालीं कायमचा झाला आणि १९४३ सालींच रद्द झाला. रद्द झाल्यावरही चिनी लोकांस वार्षिक १०५ जागाच मिळाल्या.

५

लॅझरस १८८७च्या नोव्हेंबरांत वारली, तेव्हां ती अवघी ३८ वर्षांची होती. पुतळ्याच्या १८८६च्या समारंभांत तिची कविता वाचली गेली नव्हती, आणि तिच्या मृत्युलेखांतही या सुनीताची वास्तपुस्त झाली नाहीं. याच काळांत दुसऱ्या एका कवितेचा बोलबाला झाला. ‘अटलांटिक मंथली’ या मासिकाचा माजी संपादक थॉमस बेली ऑल्ड्रिच यानें १८९२ सालीं ‘अरक्षित द्वारें’ या अर्थाच्या नांवाची कविता प्रसिद्ध केली. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशीं पुतळ्याशेजारच्या एलिस बेटावर आगंतुकांच्या तपासणीचें ठाणें उघडलें होतें. ऑल्ड्रिचच्या कवितेंतही स्वातंत्र्यदेवता आहे, दार आहे आणि दारांतून लोटणारा जमाव आहे. पण जमावाबरोबर परके देव व परके विधि येतात, गल्लोगल्लीं अपरिचित भाषा ऐकूं येतात. आणि कवि देवतेस गौरवर्ण म्हणून संबोधून विचारतो कीं, दार असें उघडें टाकणें बरें काय? रोमचा नाश रानटी टोळ्यांनीं केला, हें स्मरणही तो देतो.

दोन्ही कविता शेजारीं ठेवून वाचाव्या. चित्र एकच आहे: देवता, दार, दीन जमाव. भेद आहे तो देवतेच्या उत्तरांत. म्हणूनच प्रतिमा आपल्या पक्षाची आहे असें समजणाऱ्यांनीं सावध राहावें. प्रतिमेस पक्ष नसतो.

आणि कायदेमंडळांत प्रथम कामास आली ती लॅझरसची नव्हे, ऑल्ड्रिचची कविता. १६ मार्च १८९६ रोजीं सिनेटर हेन्री कॅबट लॉज यानें, निरक्षर परकीयांस प्रवेश नाकारावा, या विधेयकावर भाषण केलें. इटली, रशिया, पोलंड येथून येणारे लोक वंशानें भिन्न आहेत, असें आंकड्यांनीं दाखवून त्यानें भाषणाचा शेवट ऑल्ड्रिचच्या ओळींनीं केला. विधेयक पुढें मंजूर झालें, परंतु मार्च १८९७ मध्यें अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं तें नामंजूर करून परत पाठविलें. ज्यांनीं १८८६ सालीं पुतळा स्वीकारला तेच हे गृहस्थ दुसऱ्यांदा अधिकारावर होते. कोणी म्हणेल, पुतळ्याचा हा संस्कार. तसें म्हणण्यास आधार नाहीं. कारण याच क्लीव्हलंड यांनीं १८८८ सालीं चिनी लोकांविरुद्धच्या अधिक कडक कायद्यावर सही केली होती.

पुढील घटना झपाट्यानें सांगतां येतील. साक्षरतेची अट १९१७ सालीं अध्यक्ष विल्सन यांची नामंजुरी डावलून अमलांत आली. त्याच कायद्यानें आशियाचा एक विस्तीर्ण पट्टा वर्ज्य ठरविला व त्यांत हिंदुस्थान आला. विद्यार्थी, व्यापारी, प्रवासी असे कांहीं वर्ग तेवढे वगळले. १९२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदी मनुष्य हा कायद्याच्या अर्थानें गौरवर्णी नव्हे, सबब नागरिकत्वास अपात्र, असा निर्णय दिला. थिंद यांनीं पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैन्यांत चाकरी केली होती. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांचें स्वतःचें नागरिकत्वही काढून घेण्यासाठीं सरकारनें दावा लाविला; तो मात्र पंडितांनीं जिंकला. अखेर मे १९२४च्या कायद्यानें प्रत्येक राष्ट्रास प्रवेशाचा वांटा ठरवून दिला. वांट्याचें माप १८९०च्या खानेसुमारीवरून घेतलें: त्या वर्षीं अमेरिकेंत असलेल्या त्या त्या देशांत जन्मलेल्या लोकांच्या शेंकडा २. इतकें जुनें वर्ष निवडण्याचें कारण उघड होतें. इटालियन, पोलिश व रशियन ज्यू यांची मोठी लाट १८९० नंतरची. नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या आशियाई लोकांस तर सर्वथैव बंदी झाली.

लॅझरसची कविता युरोपियनांपुरतीच होती, या म्हणण्यास येथें परस्पर उत्तर मिळतें. जे युरोपियन तिच्या डोळ्यांपुढें होते, त्या पूर्व युरोपांतील ज्यूंसच हा कायदा नकोसे ठरवितो. या कायद्यावर सही अध्यक्ष कूलिज यांची. त्याच वर्षीं १५ ऑक्टोबर रोजीं त्याच कूलिज यांनीं जाहीरनामा काढून स्वातंत्र्यदेवतेस राष्ट्रीय स्मारक ठरविलें. दार लावणें आणि दारांतील मूर्तीस राष्ट्राची ठेव म्हणून जपणें हीं दोन्ही कृत्यें पांच महिन्यांच्या अंतरानें एकाच हातून झालीं, आणि त्यांत कांहीं विसंगति आहे असें त्या वेळीं कर्त्यास वाटल्याचें दिसत नाहीं.

६

आतां मागाहून बसविलेल्या लेखाकडे वळूं. लॅझरसची मैत्रीण जॉर्जिना शायलर हिनें १९०३ सालीं ही कविता कांशाच्या पाटीवर कोरवून चौथऱ्याच्या आंतील भिंतीस लाविली. हेतु मैत्रिणीच्या स्मरणाचा होता. त्यांत सरकारच्या धोरणाचा संबंध नव्हता. शिलालेखांचा अभ्यास करणारांस मौज वाटेल अशी गोष्ट म्हणजे हस्तलिखितांतला एक स्वल्पविराम पाटीवर गळला आहे. पाटी लागली तरी पुढें तीस वर्षें तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

मधल्या काळांत पुतळ्याचा अर्थ दुसऱ्या एका मार्गानें बदलत होता. एलिस बेटाचें ठाणें १९५४ पर्यंत चाललें व त्यांतून सुमारें १ कोटि २० लक्ष माणसें गेलीं. जहाज बंदरांत शिरतांना प्रथम दिसे ती ही मूर्ति. तिच्या अंगावर काय कोरलें आहे, हें डेकवर उभ्या असलेल्या मनुष्यास ठाऊक नव्हतें, आणि पुष्कळांस इंग्रजी येतही नव्हतें. तरी प्रवास संपल्याची खूण म्हणून ती त्यांच्या स्मरणांत राहिली आणि मुलांबाळांस सांगितली गेली. १९१७–१८ मध्यें सरकारनें युद्धकर्जासाठीं काढलेल्या चित्रांत याच स्मरणाचा उपयोग केला. लाखों लोकांच्या या मौखिक परंपरेनें कवितेच्या आधींच पुतळा आपलासा केला होता.

१९३०च्या दशकाच्या उत्तरार्धांत स्लोव्हेनियांतून आलेला लेखक लुई अ‍ॅडॅमिक यानें आपल्या लेखांतून व व्याख्यानांतून ही कविता लोकांपुढें आणली. आगंतुकांचीं मुलें आतां मतदार होतीं. जर्मनींत ज्यूंचा छळ सुरू होता. आणि दार लागलेलें होतें. ज्या वेळीं कविता लोकांच्या तोंडीं येऊं लागली त्याच वेळीं, १९३९ सालीं, जर्मनींतील २० हजार निराश्रित मुलांस वांट्याबाहेर प्रवेश देण्याचें विधेयक मतास न येतांच संपलें. त्याच वर्षीं ९००हून अधिक ज्यू निराश्रितांस घेऊन निघालेल्या ‘सेंट लुई’ जहाजास हवानांत व नंतर फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ येऊनही उतरूं दिलें गेलें नाहीं. तें युरोपास परतलें. परतलेल्यांपैकीं सुमारें २५० पुढें नात्सींच्या संहारांत मेले. कविता त्यांना वांचवूं शकली नाहीं. हें वाक्य कठोर आहे, पण कवितेच्या सामर्थ्याविषयीं बोलणाऱ्यानें तें टाळूं नये.

मग कवितेनें केलें काय? आमच्या मतें तिनें जो अर्थ पुरविला तो मुख्यतः मागील काळास. ज्यांचे आईबाप पूर्वीं आले त्यांना, तुमचें येणें ही चूक नव्हती, असें तिनें सांगितलें. आणि एकदां पूर्वज सन्मान्य ठरले कीं, तशाच नव्या माणसास नाकारणाऱ्या कायद्यास आपली बाजू मांडावी लागते. पूर्वीं हा भार उलट बाजूवर होता. पुराव्याचा भार एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाणें हें लहान कृत्य नव्हे. पण त्यास चाळीस वर्षें लागलीं.

७

३ ऑक्टोबर १९६५ रोजीं अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं राष्ट्रवार वांट्याची पद्धति मोडणाऱ्या कायद्यावर सही केली, ती या पुतळ्याच्या पायथ्याशीं. एलिस बेटही त्याच वर्षीं राष्ट्रीय स्मारकांत सामील झालें होतें. स्मारक, कविता व कायदा हीं प्रथमच एका ठिकाणीं आलीं. पण येथेंही चिकित्सा सोडूं नये. नव्या कायद्यानें अग्रक्रम दिला तो अमेरिकेंतील रहिवाशांच्या आप्तांस आणि विद्या किंवा कसब असलेल्यांस. निराश्रितांसाठीं थोड्या जागा राखल्या. परंतु निव्वळ दारिद्र्य ही प्रवेशाची पात्रता झाली नाहीं. शिवाय पश्चिम गोलार्धांतून येणाऱ्यांवर, म्हणजे मेक्सिको वगैरे देशांवर, वार्षिक १ लक्ष २० हजारांची एकूण मर्यादा याच कायद्यानें पहिल्यांदा घातली. देवतेच्या पायांशीं एक दार उघडलें त्याच वेळीं दुसरें अरुंद झालें.

या प्रकरणाशीं महाराष्ट्राचा जो प्रत्यक्ष संबंध येतो तो येथें. १९४६च्या कायद्यानें हिंदुस्थानास वर्षाला १०० जागा होत्या. १९६५ नंतर पुण्यामुंबईहून जे डॉक्टर, अभियंते व प्राध्यापक तिकडे जाऊन राहिले, त्यांच्या घरांत आज मराठी बोलणारी दुसरी-तिसरी पिढी आहे. त्यांच्या येण्याची वाट लॅझरसच्या कवितेनें नव्हे, या कायद्याच्या कसब व आप्तसंबंध यांविषयींच्या कलमांनीं मोकळी केली. ते थकलेले किंवा निराश्रित म्हणून गेले नाहींत. त्यांचें अस्तित्व हेंच त्या कवितेंतील चित्राच्या अपुरेपणाचें प्रमाण आहे. उलट, आपण पात्रतेनें आलों म्हणून कविता आपल्यासाठीं नव्हे, असें मानून जो उंबऱ्याबाहेरील दीनास तुच्छ लेखील, त्यानें १९१७ चा पट्टा आणि १९२३ चा निर्णय वाचावा. त्या वेळीं विद्या व सैन्यांतील चाकरी हीं दोन्ही असूनही आपला मनुष्य दाराबाहेरच ठरला होता.

८

आरंभीचे दोन पक्ष आतां पुन्हां तपासूं. कविता मागाहूनची आहे, हें खरें. परंतु ती पुतळ्यापूर्वीं तीन वर्षें त्याच्याच चौथऱ्यासाठीं लिहिली गेली, हेंही तितकेंच खरें. पाटी मागाहूनची, कविता नव्हे. शिवाय मागाहूनचा लेख खोटा ठरत नाहीं. तो आपल्या काळाचा साक्षीदार असतो. दुसऱ्या पक्षाची चूक याहून आदरणीय पण चूकच आहे. ज्या वर्षीं कविता लिहिली गेली त्या वर्षींचा कायदा तिच्याशीं जुळत नव्हता. पाटी लागली त्या वर्षींचाही नव्हता. पुतळा राष्ट्रीय स्मारक झाला त्या वर्षींचा तर सर्वांत कमी. जी प्रतिज्ञा राष्ट्रानें केलीच नव्हती तिचा भंग झाला, असें म्हणणें पुराव्यास धरून नाहीं. यांत धोकाही आहे: प्रतिज्ञा पूर्वींच पाळली गेली होती असें मानणारास चिनी मजूर, थिंद आणि ‘सेंट लुई’वरील प्रवासी दिसेनासे होतात.

राजवाड्यांपासून आपल्याकडील संशोधक अस्सल पत्र आणि बखर यांत भेद करीत आले. पण बखर फेंकून द्यावी असें त्याचें तात्पर्य नव्हे. काय घडलें हें पत्र सांगतें; जें घडलें त्याविषयीं पुढील पिढीस काय वाटावेसें वाटलें, हें बखर सांगते. स्मारक व त्यावरील कविता यांस त्याच न्यायानें वापरावें. राज्यानें माणसांशीं कसें वर्तन केलें, याची साक्ष कायद्यांत, खानेसुमारीच्या शेंकड्यांत आणि परत फिरविलेल्या जहाजांच्या नोंदींत शोधावी. कवितेंत शोधावयाचें तें हें कीं, त्या वर्तनाची लाज कोणास, केव्हां आणि कोणत्या शब्दांत वाटूं लागली.

चिनी पत्रलेखकानें १८८५ सालीं भावी पिढ्यांवर सोंपविलेल्या प्रश्नाचें उत्तर एका अर्थीं मिळालें आहे. तो कायदा गेला. पुतळा उभा आहे. परंतु कायद्यांची जात त्या एका कायद्याबरोबर संपली नाहीं, आणि म्हणून त्याचा प्रश्न प्रत्येक पिढीस नव्यानें तपासावा लागणार आहे.